रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठीक आहेत, असं नाही

दातांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘धूम्रपान करता का?’ असा एक प्रश्न असतो. व्हेप म्हणजे ई-सिगारेट ओढणारे बरेच जण तिथे ‘नाही’वर खूण करतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. धूर नाही, राख नाही, दातांवर डांबराचे डाग नाहीत, मग हे धूम्रपान कसं, असं त्यांना मनापासून वाटतं. पण त्या एका खुणेने तपासणारा चुकीच्या वाटेला लागतो, कारण निकोटीन घेणाऱ्याच्या हिरड्या तपासताना नेहमीच्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही.

नेहमीची खूण म्हणजे रक्त. दात आणि हिरडीच्या सांध्यात जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि ब्रश लागताच थुंकी लालसर होते. माणूस घाबरतो, डॉक्टरांकडे जातो. निकोटीन या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि शरीराच्या बचावाचा जोरही कमी करतं. जंतू तिथेच असतात, दाताभोवतीचं हाड झिजत राहतं, पण वरून हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, रक्त कमी येतं किंवा येतच नाही. पुढे कधीतरी दात हलायला लागतो किंवा दोन दातांमध्ये फट दिसते, तेव्हा लक्ष जातं.

म्हणून अशा माणसाच्या हिरड्या बघून भागत नाही, मोजाव्या लागतात. प्रोब नावाची बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत अलगद उतरवतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. खोली १ ते ३ मिमी असेल तर ठीक. ४ मिमी किंवा त्याहून जास्त भरली की पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खोल खाच, तयार होतंय का, हे बघावं लागतं. तिथपर्यंत घरचा ब्रश पोचत नाही. सोबत एक्स-रेमध्ये हाडाची पातळी बघतात. तुम्ही व्हेप ओढत असाल तर ‘सगळ्या दातांचं प्रोबिंग करून आकडे लिहून ठेवा’ असं स्वतःहून सांगा. पुढच्या वेळी तुलना करायला तेच आकडे उपयोगी पडतात. आणि फॉर्मवर नुसतं ‘हो’ लिहू नका. लिक्विडमध्ये निकोटीन किती मिलिग्रॅम, आठवड्याला किती मिली संपतं आणि फ्लेवर कोणता, हेही सांगा. २० मिग्रॅ प्रति मिलीचं २ मिली लिक्विड म्हणजे ४० मिग्रॅ निकोटीन. ते सगळं अंगात जात नाही, पण सवय किती मोठी आहे ते या हिशोबावरून कळतं.

आता लाळेचं बघू. व्हेपच्या लिक्विडमधला मोठा भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन यांचा असतो. दोन्ही पाणी ओढून घेतात. वाफ तोंडात गेली की गालाच्या आतल्या आणि टाळूच्या ओलाव्यावर परिणाम होतो, म्हणून ओढल्यावर घसा सुकतो. लाळ हे दातांचं मोठं संरक्षण आहे: आम्ल सौम्य करणं, अन्नकण धुऊन नेणं, इनॅमलमधून, म्हणजे दातावरच्या कठीण कवचातून, निघालेलं कॅल्शियम परत बसवणं, ही कामं तीच करते. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. दाताचं मूळ उघडं असेल तर तिथे त्याच्या आधीच. लाळ पुरेशी असेल तर पीएच थोड्या वेळात वर येतो. कोरड्या तोंडात तो बराच वेळ खाली राहतो, आणि दर दहा मिनिटांनी एक झुरका घेणाऱ्याच्या तोंडाला ओलं व्हायची उसंतच मिळत नाही.

कोरडेपणा ओळखायचा कसा? ओठ दातांना चिकटतात, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही, लाळ फेसाळ आणि तार धरणारी होते. दवाखान्यात तोंडात घातलेला छोटा आरसा गालाला चिकटतो आणि सोडवताना गाल किंचित ओढला जातो. हे दिसलं की किडीचा धोका वाढलेला आहे असंच धरायला हवं.

फ्लेवरच्या लिक्विडबद्दल एक गैरसमज आहे. ‘त्यात साखर नाही, मग कीड कशी लागेल?’ ग्लिसरीन आणि सुक्रालोज (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) यांच्यापासून दात किडवणारे जंतू साखरेसारखं आम्ल बनवू शकत नाहीत, हे बरोबर आहे. पण मुद्दा चिकटपणाचा आहे. २०१८ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात गोड फ्लेवरच्या वाफेमुळे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे दात किडवणारे जंतू इनॅमलला चौपट जास्त चिकटले, आणि बिनफ्लेवरच्या वाफेच्या तुलनेत इनॅमलचा कठीणपणा २७ टक्क्यांनी घटला. प्रयोगशाळेतला दात म्हणजे तोंडातला दात नव्हे, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत. पण दिशा स्पष्ट आहे: थर चिकट झाला की जेवणातून आलेली साखर जंतूंना तिथेच, जास्त वेळ मिळते. माणसांमधलंही एक निरीक्षण आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागाने आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. व्हेप ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोक किडीच्या जास्त धोक्याच्या गटात होते, न ओढणाऱ्यांत सुमारे ६० टक्के. व्हेप ओढणारे रुग्ण त्यात शंभराहून कमी होते, आणि अशा नोंदींवरून व्हेपमुळेच कीड लागली असं सिद्ध होत नाही. तरी दुर्लक्ष करावं असं हे नाही.

कीड कुठे बघायची, हेही सांगायला हवं. एरवी ती दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या मध्ये असते. व्हेप ओढणाऱ्यांत समोरच्या दातांच्या हिरडीलगतच्या कडेला आणि चावायच्या कडेवरही ती आढळली आहे. आरशासमोर ओठ वर उचला, दात टिशूने कोरडे करा आणि हिरडीला लागून खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो का बघा. खड्डा पडलेला नसेल तर या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थांबवता येते. तपकिरी होऊन खरखरीत लागायला लागली की बहुधा फिलिंगच करावं लागतं.

निकोटीन नसलेलं लिक्विड हिरड्यांसाठी थोडं बरं, कारण रक्तवाहिन्यांवरचा परिणाम टळतो. पण कोरडेपणा आणि चिकटपणा तसाच राहतो.

व्हेप लगेच सुटत नसेल तर निदान रात्रीची एक गोष्ट पाळा: झोपण्यापूर्वी ब्रश झाल्यावर एकही झुरका नको. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे त्या वेळी दातावर जे असेल ते सकाळपर्यंत तिथेच राहतं. मला विचाराल तर बाकी सगळ्या उपायांच्या आधी हे. दिवसा झुरक्यानंतर दोन घोट पाणी घेऊन चूळ भरा. तोंड आंबट झालं असेल तर एका पेल्यात पाव चमचा खायचा सोडा घालून चूळ भरावी, आणि ब्रश अर्ध्या तासाने. टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा वाचा, १३५० ते १५०० पीपीएम हवा. ब्रश मऊ, हिरडीकडे ४५ अंशांत तिरका, दोन मिनिटं. नंतर फक्त थुंका, पाण्याने खळखळून धुऊ नका, नाहीतर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. दातांच्या फटींसाठी इंटरडेंटल ब्रश वापरा. तो अलगद जायला हवा, रेटून घालावा लागत असेल तर एक माप लहान घ्या. माउथवॉश घ्यायचाच तर अल्कोहोल नसलेला. क्लोरहेक्झिडीनचा जंतुनाशक माउथवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त नको, त्याने दातांवर तपकिरी डाग चढतात. झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) च्युइंगम जेवणानंतर चघळल्याने लाळ सुटते. धोका जास्त असेल तर दवाखान्यात दर तीन ते सहा महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश (दातांवरचा लेप) लावून घेता येतं.

दाढ काढायची असेल तर त्यानंतर किमान ७२ तास व्हेप पूर्ण बंद. ओढताना तोंडात पोकळी तयार होते, त्या खेचेने जखमेतली रक्ताची गाठ निघू शकते, शिवाय निकोटीनने तिथला रक्तपुरवठा कमी होतो. गाठ निघून हाड उघडं पडलं की दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचं कृत्रिम दाताचं मूळ, बसवायचं असेल तर कितीतरी जास्त दिवस बंद ठेवावं लागतं, आणि ते आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सोडताना निकोटीनचं च्युइंगम घेत असाल तर ते साध्या च्युइंगमसारखं सतत चावू नये. झिणझिणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं, आणि दर वेळी बाजू बदलायची. एकाच जागी ठेवलं तर तिथली हिरडी हुळहुळी होते. ज्यांच्या हिरड्या आधीच नाजूक आहेत त्यांनी त्वचेवर चिकटवायच्या निकोटीनच्या पॅचबद्दल विचारावं, तो तोंडाला लागतच नाही.

आणि सोडल्यावर काही आठवड्यांत ब्रश करताना रक्त दिसायला लागलं तर बिचकू नका. २००३ साली सिगारेट सोडणाऱ्या २७ जणांच्या हिरड्या चार ते सहा आठवडे तपासल्या, तेव्हा प्रोब लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेल्या. सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्यांतही पहिल्या दोन आठवड्यांत हिरड्यांची सूज वाढलेली आढळली आहे. जुना आजार झाकलेला होता, तो आता दिसतोय. अशा वेळी ब्रश हलका करू नका, त्या जागा टाळू नका आणि ‘सोडल्यामुळेच बिघडलं’ म्हणून परत ओढायला लागू नका. लगेच दात साफ करून घ्या, पॉकेट असतील तर हिरडीखालचं कीटणही काढून घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रोबिंग करून पहिल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहून घ्या.