डिस्क जागेवरच राहिली

शनिवार, रात्र

नवतपा चालू आहे. घरचा कूलरही गरम हवा फेकतोय, त्यामुळे दिवसभर सर्व्हर रूममध्ये बसायला मिळालं याचं दुःख नाही.

आज एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या क्लस्टरचा, म्हणजे एक थांबला तर दुसरा काम उचलतो अशा जोडीचा, पहिला जुना नोड (जोडीतलं एक खरं मशीन) उतरवला. वरच्यांचा आठवडाभर एकच धोशा होता: व्हीएमवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनवर) जायचंच आहे, व्हीएमवेअरचं एचए (हाय अव्हेलेबिलिटी) आहे, मग क्लस्टर हवा कशाला? एचए आहे, पण होस्ट (व्हीएम चालवणारं खरं मशीन) मेला की ते व्हीएम दुसरीकडे नव्याने सुरू करतं, बस. विंडोजला पॅच मारायचा असला की एसक्यूएल सर्व्हर दुसऱ्या नोडवर सरकवणं त्याच्या हातात नाही. म्हणून क्लस्टर ठेवला.

कन्व्हर्टर (खऱ्या मशीनची व्हीएम-प्रत काढणारं साधन) लावून नोड उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्याने शेअर्ड डिस्कची नुसती प्रत निघते, आणि क्लस्टरला हवी असते दोघांत मिळून एकच डिस्क. म्हणून डेटाला हातच लावला नाही. त्याच व्हर्जनच्या विंडोजचा नवा व्हीएम उभा केला, सॅनवरचे (सामायिक स्टोरेजवरचे) तेच लन, म्हणजे त्याच डिस्क, फिजिकल मोडच्या आरडीएमने (व्हीएमला खरी डिस्क थेट देणाऱ्या जोडणीने) त्याला जोडले, डिस्क कंट्रोलरचं बस शेअरिंगही (डिस्क दुसऱ्या मशीनबरोबर वाटून घ्यायची सेटिंग) फिजिकल केलं. क्लस्टरची तपासणी (व्हॅलिडेशन) पास. मग नोड जोडला, रोल (एसक्यूएल सर्व्हरचं काम) त्यावर सरकवला, जुना नोड इव्हिक्ट केला, म्हणजे क्लस्टरमधून काढला. डिस्क तीच, मालक बदलला.

दुपारी एक होस्ट रीबूट केला तर तो वर येईचना. ज्युनियर पोरगा घाबरला, "ताई, काहून अटकून रायला हा?" अडकला नव्हता. आरडीएमच्या लनवर क्लस्टरचं रिझर्वेशन (ताबा) असतं. होस्ट चालू होताना एकेक लन वाचायला जातो, नकार खातो, पुन्हा विचारतो. त्या लनला प्रत्येक होस्टवर 'पेरेनियली रिझर्व्ह्ड' (कायम राखीव) अशी खूण करून ठेवावी लागते. मग पोरगा लनच्या लांबलचक आयडींचे शेवटचे चार आकडे वाचत गेला, मी यादीवर टिक करत गेले. पुढचा रीबूट झटपट.

दुसरा नोड पुढच्या शनिवारी. त्याआधी अँटी-अॅफिनिटीचा नियम लावायचा. दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर जाऊन बसले तर क्लस्टर नुसता नावाला.

बॅकअपवाले मात्र व्हीएम झालं म्हणजे आता स्नॅपशॉटवरूनच (व्हीएमच्या त्या क्षणाच्या बाहेरून घेतलेल्या नोंदीवरूनच) काम भागेल असं धरून बसलेत. फिजिकल आरडीएमचा स्नॅपशॉट निघत नाही. सोमवारी सकाळी पहिला फोन त्यांनाच: व्हीएमच्या आतला बॅकअप एजंट काढू नका.