कचरो की म्युझियम?

"आमी पिशी टाकली तर कचरो, आणि सरकारान बोट बुडवल्यान तर म्युझियम?" निवतीचे काका मासळीची पाटी उतरवत म्हणाले.

विषय आयएनएस गुलदारचा. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायची योजना. मी शहाणपणाने सांगितलं, "काका, आधी तेल, वायरी, सगळं काढतात."

"सगळा?"

एवढंच. पण तो 'सगळा' डोक्यातून जाईना.

ब्राझीलने २०२३ मध्ये साओ पाउलो ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉससकट, म्हणजे आरोग्याला घातक तंतूंसकट, अटलांटिकमध्ये बुडवली. अमेरिकेने फ्लोरिडाजवळ ओरिस्कनी ही विमानवाहू नौका बुडवली २००६ मध्ये, तीही साफसफाई करून. तिथे मासे जमले, हे खरंच. त्यातल्या काहींत पीसीबी हे विषारी रसायनही सापडलं.

हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तो मासो खातलो कोण?"