मेयरला पगार नको, निर्णय द्या

अनेक जण एकत्र ऑनलाइन खेळतात अशा मल्टिप्लेअर गेममध्ये खेळाडूंमधूनच गावाचा मेयर निवडायची सोय आली की पहिल्या निवडणुकीत उमेदवारांची झुंबड उडते. दोन-तीन मुदती उलटल्या की एकच नाव उरतं, आणि तोही दुसरं कोणी तयार नाही म्हणून उभा राहिलेला असतो. मग डेव्हलपर ठरलेला उपाय करतात, मेयरचा पगार वाढवतात. हा उपाय जवळजवळ नेहमीच फसतो. गाव चालवण्याची कुवत असलेला खेळाडू एरवी व्यापारात किंवा रेडमध्ये (गटाने मिळून केलेल्या मोठ्या मोहिमेत) पगारापेक्षा जास्त कमावत असतो, त्यामुळे त्याला त्या पैशाचं आकर्षण नसतं. आणि पगार खरोखरच घसघशीत ठेवला, तर ज्या गिल्डकडे, म्हणजे खेळाडूंच्या संघटित गटाकडे, सर्वात जास्त दुसरी अकाउंट्स आहेत ती गिल्ड खुर्ची पटकावते.

मुळात माणूस कंटाळतो तो पगार कमी म्हणून नाही. काम कारकुनीचं असतं आणि त्यात ठरवण्यासारखं काही नसतं, हे खरं दुखणं. अपकीप (गाव टिकवायचा नियमित खर्च) भरा, प्लॉट वाटा, गेलेल्यांची नावं काढा, भांडणं मिटवा. यातलं काहीच गावाच्या डोळ्यात भरत नाही. चुकलं तर मात्र सगळ्यांना दिसतं.

माइनक्राफ्टच्या हायपिक्सेल सर्व्हरवरच्या स्कायब्लॉक या गेमकडे बघा. तिथले मेयरचे उमेदवार गेमचीच पात्रं आहेत, खेळाडू फक्त मत देतात. तिथलं एक वर्ष म्हणजे खरे १२४ तास. तरीही कोण निवडून येणार यावर लोक तावातावाने बोलतात, कारण प्रत्येक उमेदवार वेगळ्या सवलती आणतो आणि त्यावर पुढच्या दिवसांचा ग्राइंड (कमाईसाठी पुन्हा पुन्हा करायचं काम) ठरतो. खेळाडू-मेयरच्या हातात नेमकं हेच द्यायचं: काही जणांना आवडेल आणि काही जणांना खटकेल अशी निवड.

आकड्यांत मांडून बघू. गावात ४० जण नोंदलेले, त्यातले २५ सक्रिय. बाजारात आठवड्याला २,००,००० नाण्यांची विक्री, कर ४ टक्के, म्हणजे तिजोरीत ८,०००. अपकीपचे ४,५०० आपोआप कापले जातात, त्यासाठी मेयरला बटणसुद्धा दाबायला लावू नका. उरले ३,५००. आता चार सवलती समोर ठेवा: टेलिपोर्टचं (क्षणात दुसऱ्या जागी पोचण्याचं) भाडं निम्मं, १,५००; खाणीत १० टक्के जास्त माल, २,०००; भट्टीचा वेग १५ टक्के जास्त, २,५००; वेशीवर पहारेकरी, १,०००. चारही घ्यायच्या तर ७,००० लागतात, हातात त्याच्या निम्मे. टेलिपोर्ट आणि खाण घेतली की पैसे संपतात. भट्टी आणि पहारेकरी घेतले तरी संपतात. खाणवाले खूश झाले तर लोहार नाराज, आणि वेशीजवळ राहणारे विचारतात की आमचं काय.

कर ५ टक्के केला तर १०,००० येतील, असं कागदावर दिसतं. पण शेजारच्या गावात ४ टक्केच असेल तर चार दुकानदार तिकडे जातात. विक्री १,६०,००० वर आली की तिजोरीत पुन्हा ८,०००च पडतात, आणि दुकानं गेली ती गेलीच. हा धोका मेयरला स्क्रीनवर दिसला पाहिजे: मागच्या चार आठवड्यांची विक्री, कराचा दर आणि शेजारच्या गावांचे दर, एकाच तक्त्यात. तो तक्ता दिला की तोच माणूस तासभर विचार करत बसतो, आणि त्याला ते काम वाटत नाही.

पैसे मात्र त्याच्या खिशात जाता कामा नयेत. माइनक्राफ्टच्या टाउनी प्लगइनमध्ये (सर्व्हरवर गावं वसवायची सोय देणाऱ्या जोड-प्रोग्राममध्ये) टाउनच्या बँकेतून पैसे काढणं बंद करायची सेटिंग आहे. सर्व्हर सुरू करतानाच ती लावून टाका. नंतर लावली तर प्रत्येक मेयरला वाटतं की आपल्यावरच संशय घेतलाय. पण एवढ्याने चोरी थांबत नाही, ती रस्ता बदलते. मेयर गावासाठी दगड 'विकत घेतो', विकणारं त्याचंच दुसरं अकाउंट, भाव तिप्पट. यावर दोन कुलपं पुरतात. तिजोरीतून होणारी खरेदी बाजाराच्या मागच्या ७ दिवसांच्या सरासरी भावानेच व्हावी. आणि प्रत्येक व्यवहार गावातल्या कुणालाही वाचता येईल अशा लॉगमध्ये पडावा. लॉग रोज कुणी वाचत नाही, पण विरोधी उमेदवार नक्की वाचतो.

कर बदलण्याची मुभा आठवड्यातून एकदाच द्या आणि बदल ४८ तासांनी लागू करा. नाहीतर मेयर शनिवारच्या मोठ्या बाजाराआधी कर शून्यावर आणतो, आपला माल विकतो आणि रात्री पुन्हा दर चढवतो.

न्यू वर्ल्ड या ऑनलाइन गेममध्ये प्रदेश जिंकणाऱ्या कंपनीच्या (तिथे खेळाडूंच्या गटाला कंपनी म्हणतात) हातात कर आणि गावाच्या सुधारणा होत्या, आणि उत्पन्न कंपनीच्या तिजोरीत जात होतं. एव्हरफॉल आणि विंड्सवर्डसारख्या मध्यवर्ती, गजबजलेल्या गावांचा पैसा वेगळाच. पैसेवाल्या कंपनीला पुढच्या ५० विरुद्ध ५० लढाईसाठीही तोच पैसा उपयोगी पडतो. सत्तेतून पैसा आणि पैशातून पुन्हा सत्ता, हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाकीच्या खेळाडूंना मेयरपदाशी काही देणंघेणं उरत नाही. गावाचा पैसा गावातच खर्च होणार, हा नियम त्यासाठीच हवा.

दुसरी अडचण लोकसंख्येची. स्टार वॉर्स गॅलक्सीज या ऑनलाइन गेममध्ये २००३ पासून खेळाडूंची शहरं होती, राजकारणी हा पेशाच होता. आउटपोस्टपासून मेट्रोपोलिसपर्यंतच्या पायऱ्या नागरिकांच्या संख्येवर ठरायच्या. कल्पना झकास, पण संख्या टिकवण्यासाठी घर ठेवून गेम सोडलेल्यांची नावंही उपयोगी पडायची, आणि दुसऱ्या अकाउंटवर घरं टाकून आकडा भरणं हा सर्रास मार्ग होता. म्हणून पायरी नोंदलेल्या नावांवर ठेवू नका. मागच्या ७ दिवसांत किमान ३ दिवस खेळलेले लोकच मोजा. आणि पायरी उतरवण्याआधी दोन आठवड्यांची सवलत द्या, नाहीतर परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या आठवड्यात गावाचं शटलपोर्ट (प्रवासी यानांचा तळ) गायब होतं आणि शिव्या मेयरला पडतात.

मानाचं बक्षीस स्वस्तात होतं, तरी डेव्हलपर तिथेच हात आखडतात. सर्वात चांगलं चालतं ते इमारतीवरचं नाव. पूल, बाजार, गोदी, जे काही त्या मुदतीत पूर्ण झालं त्यावर मेयरचं नाव आणि खाली सर्वात जास्त माल देणाऱ्या पाच जणांची नावं. कोडमध्ये दोन टेक्स्ट फील्ड. मुदत संपली तरी पाटी राहते, आणि नवा मेयर ती काढू शकत नाही. ही शेवटची अट विसरू नका, पहिल्याच भांडणात पाट्या पुसल्या जातात.

खास झगा, घोडा किंवा पदवी द्यायची तर निवडून आल्याबद्दल देऊ नका. तसं केलं की चार मित्र आळीपाळीने मेयर होतात, प्रत्येकाचा झगा झाला की गाव ओस. एक प्रकल्प पूर्ण झाला आणि त्याला किमान १० वेगवेगळ्या सक्रिय खेळाडूंनी माल दिला, तरच झगा. आणि तो विकता येणार नाही असाच ठेवा.

शिक्षेचे अधिकार जपून वाटा. गॅरीज मॉड या गेमच्या डार्कआरपी प्रकारात मेयर कायदे लिहितो, लॉकडाऊन लावतो, लॉटरी काढतो. रंगतदार प्रकार आहे. पण कूलडाऊन (तोच अधिकार पुन्हा वापरण्याआधीची सक्तीची थांबणी) पुरेसा नसेल तर टवाळखोर मेयर दर पाच मिनिटांनी लॉकडाऊन लावून सगळा सर्व्हर वेठीला धरतो. 'अ टेल इन द डेझर्ट' या ऑनलाइन गेममध्ये निवडून आलेल्या डेमी-फॅरोला खेळाडूला कायमचं बाहेर काढण्याचा अधिकार होता, पण एकूण सातच वेळा. संख्या बांधलेली असली की माणूस अधिकार वापरण्याआधी दहादा विचार करतो. सामान्य गावासाठी मी यापेक्षाही कमी देईन: एका मुदतीत दोन हद्दपाऱ्या, प्रत्येकी ७ दिवसांची, कारण लिहिणं सक्तीचं.

निवडणुकीबद्दल थोडक्यात. मुदत तीन आठवडे ठीक. एका आठवड्यात काही बांधून होत नाही आणि दोन महिन्यांत वाईट मेयर गाव रिकामं करतो. मत त्यालाच, जो गावात १४ दिवसांपासून आहे. एकच उमेदवार असेल तर निवडणुकीचं नाटक करू नका, 'राहू दे' किंवा 'नको' एवढंच विचारा. सलग तीन मुदतींनंतर एक मुदत सक्तीची सुट्टी द्या. चांगल्या मेयरला हे आवडत नाही, पण तोच सर्वात आधी थकून गेम सोडतो.

उपमेयरला रोजचं काम करता आलं पाहिजे: प्लॉट वाटणं, नवे लोक घेणं, दिवसाला तिजोरीच्या ५ टक्क्यांपर्यंत खर्च. मेयर ५ दिवस लॉगिन झाला नाही तर अधिकार आपोआप उपमेयरकडे, १४ दिवस झाले तर नवी निवडणूक.

हे सगळं लावल्यावर जमलं की नाही हे ओळखायला दोनच आकडे बघा. दोन किंवा जास्त उमेदवार असलेल्या निवडणुका किती, आणि मेयरचा किती वेळ मेन्यूत जातो. दुसरा आकडा त्याच्या खेळण्याच्या वेळेच्या पाचव्या हिश्श्यावर गेला तर काहीतरी अजून हाताने करावं लागतंय. बहुतेक वेळा ते प्लॉटचं वाटप असतं. तिथे ठरावीक भावात 'विक्रीला' अशी पाटी लावून खेळाडूला स्वतःच घेऊ द्या.

आणि सर्व्हरवर एका वेळी १५ पेक्षा कमी लोक असतील तर निवडणूक ठेवूच नका. तिथे गाव वसवणारालाच मेयर राहू द्या, सवलतींची निवड तेवढी सगळ्यांच्या मतावर टाका.