रेस सोडली की फट् फट्फट्

संक्रांतीच्या आधी इम्पल्सला मोकळा सायलेन्सर आणि फोमचा एअर फिल्टर बसवला. मोटरसायकल हिरोची, २०१२ चं मॉडेल, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली. मातीत पळवायला मला याहून लाडकी गाडी दुसरी नाही. असा सायलेन्सर रस्त्यावर लावून हिंडणं नियमात बसत नाही आणि मलाही ते पटत नाही. म्हणून गाडी छोटा हत्तीत घालून सोलापुरातून तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या पुढं, मित्राच्या शेताशेजारच्या मुरमाड माळावर नेतो.

पहिल्याच दिवशी चढाला गाडी मस्त ओढली. उताराला लागलो, रेस सोडली आणि मागून फट्... फट्फट्. मित्र लांबूनच ओरडला, "काय बे, गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम हितंच चालू केलास का?"

पार्ट ज्या दुकानातून घेतले तिथं विचारलं, तर म्हणाले, फ्री-फ्लो, म्हणजे असा मोकळा सायलेन्सर, लावल्यावर एवढं फुटतंच, त्यातच मजा असते. मला ते पचलं नाही. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. शेडमध्ये एवढे माग एकदम खडखडत असतात, तरी एकाचा धोटा जरा उशिरा पोचला तरी कानाला कळतं. आवाज बदलला म्हणजे आत काहीतरी बदललंय, हे मी वीस वर्षं बघतोय.

कारण काय असतं ते आधी समजून घेतलं. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. रेस पूर्ण सोडली की इंजिनाला पेट्रोल मिळतं ते फक्त स्लो जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या नळीतून, तेही थोडंसं. फिल्टर मोकळा केल्यानं हवा वाढते आणि जेट तेवढाच राहतो, म्हणजे मिश्रण पातळ. पातळ मिश्रण सिलिंडरमध्ये धड पेटत नाही, एखादा ठोका रिकामा जातो आणि न जळलेलं पेट्रोल तापलेल्या बेंड पाइपात, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडं जाणाऱ्या पाइपात, जाऊन तिथं पेटतं. तोच तो फट्. रेस धरलेली असताना फुटत असेल किंवा उलट कार्बोरेटरकडून शिंक येत असेल, तर दुखणं वेगळं. तेव्हा टॅपेट, प्लग, करंट बघायचं.

एवढं कळल्यावर मी घाई केली. मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल देणारा) आणि स्लो जेट, दोन्ही एकाच दिवशी मोठे घातले. गाडीनं पेट्रोलचा वास मारायला सुरुवात केली, प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. आणि उताराला फट्फट् तशीच! मी अर्धा तास प्लग हातात धरून बसलो होतो. प्लग सांगतोय पेट्रोल जास्त, सायलेन्सर सांगतोय पेट्रोल कमी. दोन्ही खरं कसं असेल?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारलं, "बेटा, बेंड पाइपची रिंग नवी घातली का जुनीच?"

सायलेन्सर दुकानातल्या पोरानं बसवला होता, मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंडगार असताना, आईच्या देवघरातली एक उदबत्ती घेऊन अंगणात बसलो. गाडी चालू केली आणि बेंड पाइप हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जिथं मिळतो आणि मधे सांधा बंद ठेवणारी ती रिंग बसते, तिथं धूर धरला. (पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी तपासा, कुठं ठिबकत असेल तर उदबत्ती जवळ आणू नका.) डाव्या नटाशी धूर सरळ जाईना. ठोक्यागणिक बाहेर उडत होता, मध्येच आत ओढला जात होता. टॉर्च मारला तर हेडच्या पांढऱ्या अॅल्युमिनियमवर नखाएवढा काळा डाग, पिसासारखा पसरलेला. तिथून हवा आत जात होती आणि पाइपातल्या पेट्रोलला पेटायला तेवढी पुरत होती. नट काढल्यावर रिंग हातात आली. चपटी झालेली, एका बाजूला कागदासारखी पातळ. जुनीच घातली होती.

नवी रिंग घातली. दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. गाडी तापवून, गार करून परत एकदा आवळले. कार्बोरेटरच्या रबरावर थोडा कार्ब क्लीनर मारून पाहिला, आयडलिंग हललं नाही, म्हणजे तिकडून हवा येत नव्हती.

मग दोन्ही जेट कंपनीचे परत घातले. फट्फट् निम्म्यावर आली. उरलेली मात्र खरंच पातळ मिश्रणाची होती. गाडी गरम करून मिक्श्चर स्क्रू, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण कमीजास्त करणारा स्क्रू, बघितला. माझ्या कार्बोरेटरला स्क्रू सोडला की पेट्रोल वाढतं, काही गाड्यांना नेमकं उलट असतं, ते आधी बघून घ्या. स्क्रू सव्वातीन फेरे सोडल्यावर कुठं इंजिन शांत चालायला लागलं. तीनच्या पुढं जावं लागतंय म्हणजे स्लो जेट लहान पडतोय. एकच नंबर मोठा घातला, बाकी कशाला हात लावला नाही. आता दोन फेऱ्यांवर गाडी स्थिर झाली.

गेल्या रविवारी सकाळी सातला माळावर गेलो. थंडीत पहिल्या उताराला एकदा फट् झालं. थंड हवा दाट असते, मिश्रण तेवढं पातळ होतं. ऊन चढल्यावर तेही थांबलं. नऊच्या सुमारास तोच उतार तिसऱ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण सोडून उतरलो. मुरूम चाकाखाली करकरत होता, सायलेन्सरातून नुसती घरघर. मित्र बांधावर शेंगा सोलत बसला होता, त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मेन जेट अजून फुल रेसवर प्लग बघून तपासायचा आहे. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडला की हवा विरळ होईल, तेव्हा स्क्रू पुन्हा मोजणार.