सात कोकरं आणि एक शपथ

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाला गावांच्या नावांची फोड करून सांगायची भारी हौस. दक्षिण इस्रायलमधल्या बैर-शेबाची तर त्यानं दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा गोंधळ ठेवला.

हिब्रूत ‘बएर’ (नावातला ‘बैर’) म्हणजे विहीर, एकवचनी. तिथवर वाद नाही. ‘शेवा’ (नावातला ‘शेबा’) म्हणजे सात. पण शपथ वाहण्याचं क्रियापदही त्याच तीन व्यंजनांचं: शिन, बेत, आयिन.

21व्या अध्यायात अब्राहाम गरारचा राजा अबीमलेख याला सुनावतो, तुझ्या चाकरांनी माझी विहीर बळकावली. राजाचं उत्तर मुरलेल्या पुढाऱ्याचं: कोणी केलं ठाऊक नाही, तूही बोलला नाहीस, मला आजच कळतंय! मग अब्राहाम सात कोकरं, सगळ्या माद्या, कळपातून वेगळी काढतो. ही कशाला? तर विहीर मी खणली याची साक्ष म्हणून ती माझ्या हातून घे. आपल्याकडे विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असते. इथे नुसत्या सातावर भागलं. म्हणजे नाव ‘साताची विहीर’, असं वाटतं न वाटतं तोच पुढचं वाक्य येतं: दोघांनी तिथे शपथ वाहिली म्हणून बैर-शेबा. कोकरं राहिली बाजूला. (या सातावरून तिथे सात विहिरी होत्या असंही सांगतात. मूळ मजकुरात विहीर एकच.)

26व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याचे चाकर खणत निघतात. पहिल्या विहिरीवर तंटा, नाव एसेक, म्हणजे कलह. दुसरीवर पुन्हा तंटा, नाव सिटना, म्हणजे वैर. तिसरीला कोणी आडवं आलं नाही, ती रहोबोथ, मोकळी जागा. मग बैर-शेबात अबीमलेखाशी पुन्हा शपथ, आणि त्याच दिवशी चाकर सांगत येतात, पाणी लागलं. त्या विहिरीचं नाव शिबा. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘शपथ’ लिहिलं. लॅटिन करताना जेरोमनं लिहिलं ‘विपुलता’. त्यानं मनचं घातलं नाही. शिन हे अक्षर टिंबाच्या जागेवरून ‘श’ किंवा ‘स’ ठरतं, आणि ही टिंबं त्याच्यानंतर काही शतकांनी आली. ‘स’ वाचलं की शब्द तृप्तीकडे जातो. वाळवंटात पाणी लागल्यावर हे वाचन चुकीचं तरी कसं म्हणावं?

आजच्या बेएर-शेवा शहरात कोकणातून गेलेले बेने इस्रायलही राहतात. शहराच्या पूर्वेला तेल शेवा ही उत्खनन झालेली टेकडी आहे. तिच्या वेशीबाहेरची विहीर सुमारे 69 मीटर खोल. ती अब्राहामाचीच, असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण इतकं खणणारा माणूस राजाच्या शपथेवर विसंबेल, हे काही पटत नाही. माझं मत कोकरांना.