अंगण करायचंय? आधी पाणी कुठं जातंय ते बघा

घराचं काम संपत आलं की हातात उरलेल्या पैशात अंगण उरकायची घाई होते, मिस्त्रीला सांगून कंपाऊंडपर्यंत सरसकट कोबा नाही तर पेव्हर ब्लॉक, कडेला चार कुंड्या, झालं अंगण. मग दोन पावसाळ्यांत कोब्याला चिरा पडतात, ब्लॉक वरखाली होतात. मिस्त्रीचा दोष असेलही, पण आपल्या मराठवाड्यात बहुतेक वेळा खरं कारण खालची काळी माती असते. ती पाणी पिली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, दरवर्षी. तिच्यावर थेट काहीही टाका, ती हलवणारच.

म्हणून माझं सांगणं एकच, अंगणाचं काम झाडांपासून किंवा फरशीपासून सुरू करू नका, पाण्यापासून करा. चांगला मोठा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारा, पत्र्याचं पाणी कुठं पडतंय, भिंतीच्या बुडाला कुठं साचतंय, शेजाऱ्याकडून काय येतंय, सगळं बघा आणि मोबाईलमधे फोटो काढून ठेवा. पाऊस नसेल तर मिस्त्रीकडची लेवलची नळी आणा, पारदर्शक पाइपात पाणी भरलं की दोन टोकांतला चढउतार इंचात कळतो. उतार घरापासून बाहेर पाहिजे, 8 फुटाला 1 इंच एवढा पुरतो. भिंतीला लागून दोन-तीन फुटांची पट्टी पक्की करा आणि तिचा उतार बाहेर ठेवा, कारण पायाजवळची काळी माती ओली-कोरडी होत राहिली की घराच्या भिंतींनाही तिरप्या चिरा जातात. या पट्टीवर खर्च करा, बाकी अंगण साधं राहिलं तरी चालतं.

आता फरशी. मला विचाराल तर शहाबादीच टाका, आणि सिमेंटात बसवू नका. वरची फूटभर काळी माती काढायची (फेकायची नाही, वाफ्याला लागते), 6 इंच मुरूम दोन थरांत टाकायचा, प्रत्येक थराला पाणी शिंपडून धुम्मसनं चांगलं ठोकायचं, त्यावर 2 इंच खदानीची कच (दगड फोडताना निघणारा बारीक चुरा) आणि वर फरशी, सांध्यातही कचच भरायची. 20 बाय 10 फुटांच्या अंगणाला 6 इंच मुरूम म्हणजे 100 घनफूट, बरोबर 1 ब्रास, पण ठोकल्यावर तो बसतो म्हणून सव्वा ब्रास मागवा. अशी फरशी एखाद्या ठिकाणी दबली तर उचलायची, कच टाकायची, परत बसवायची, घरच्या दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. आणि सांध्यातून पाणी जमिनीत जातं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण पाण्याचा हिशोब एकदा मांडून बघा. 1000 चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण 93 चौरस मीटर, त्यावर 1 मिलीमीटर पाऊस पडला की 93 लिटर पाणी होतं. 20 मिलीमीटरचा एक बरा पाऊस झाला तर गळती-बिळती वजा जाता दीड हजार लिटर सहज, म्हणजे हजार लिटरची टाकी एका पावसात भरून वाहते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं हे आपण कुणीच विसरलेलो नाही, आणि तरी छताचे पाइप आपण सरळ नालीत सोडतो. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांच्या घाणीसकट जाऊ द्या, नंतरचं जाळी लावून टाकीत घ्या. टाकीचा ओव्हरफ्लो शोषखड्ड्यात. खड्डा घराच्या पायापासून किमान 10 फूट लांब पाहिजे आणि मुरूम लागेपर्यंत खोल पाहिजे, नुसत्या काळ्या मातीत केलेला खड्डा भरून तसाच राहतो, त्यात पाणी मुरत नाही आणि डास मात्र होतात.

न्हाणीचं पाणी तर रोजचं, उन्हाळ्यातलं सुद्धा. आपल्या आज्यांनी न्हाणीमागं कर्दळ, केळ, अळू लावले ते किती बरोबर होतं बघा, ही झाडं साबणाचं पाणी बऱ्यापैकी सोसतात. फक्त रोज त्याच जागी डबकं होऊ देऊ नका, पाट करून आलटून पालटून सोडा, आणि कपड्याच्या मशीनचं पाणी कोथिंबीर-मेथीला अजिबात नको.

लॉनबद्दल स्पष्ट बोलते, लावू नका. 500 चौरस फुटांच्या हिरवळीला रोज फक्त 5 मिलीमीटर पाणी धरलं तरी 230 लिटर होतात, मे महिन्यात त्याहून जास्त, आणि जिथं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतंय तिथं हे कसं परवडणार? तेवढ्याच जागेत सीताफळ, शेवगा, कढीपत्ता, मोगरा, पारिजातक, अडुळसा एवढं सगळं बसतं आणि दोन वर्षांत मुळं धरली की मोगरा सोडला तर बाकीची फार मागत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतरचं ऊन भयंकर लागतं, तिथं जाळी लावून मधुमालती चढवा, आतली खोली किती निवते ते स्वतःच बघा. कडुलिंब पाहिजेच असेल तर घरापासून 15 फूट तरी लांब, पिंपळ-उंबराचं रोप भिंतीत दिसलं की लहान असतानाच मुळासकट काढायचं.

खड्डे मे महिन्यातच घ्या, 2 बाय 2 बाय 2 फुटांचे, तळपू द्या, मृगाचा चांगला पाऊस झाला की भरा. भरताना नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग माती. वरून सोयाबीनचं भुसकट नाहीतर उसाचं पाचट तीन-चार इंच अंथरा, हे फुकटात मिळतं आपल्याकडं, भेगाही पडत नाहीत. खोडापासून आणि घराच्या भिंतीपासून मात्र वीतभर लांब ठेवा, वाळवीला निमंत्रण नको. आणि जुने माठ टाकून देऊ नका, झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे, भरून वर झाकणी ठेवायची, पाझरून पाणी सरळ मुळाशी जातं, चार दिवस गावाला गेलात तरी रोप टिकतं. फक्त रंग दिलेला माठ नको, तो पाझरत नाही. ठिबक केलं असेल आणि पाणी बोअरचं जड असेल तर ड्रिपर क्षारानं बुजतात, म्हणून उघडून साफ करता येणारेच घ्या.

रोपं रस्त्यावरच्या गाडीवरून घेण्यापेक्षा परभणीला कृषी विद्यापीठात किंवा संभाजीनगरला हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात चौकशी करा, केशर आंबा लावायचा असेल तर नक्कीच. कलम नक्की कशाचं आहे हे फळ लागेपर्यंत कळत नाही, आणि तोवर चार-पाच वर्षं गेलेली असतात.

गच्चीवर बाग करायलेत बरेच जण, त्यांना मात्र कळकळीनं सांगते, आधी वजनाचा विचार करा. ओली माती फूटभर जाडीनं पसरली तर एका चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरते, आणि माणसं वावरतील अशा गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 150 किलो वावराचं वजन धरून करतात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदं माणसांवर कोसळली, डोक्यावरचं वजन काय असतं हे आपल्या भागाला कुणी सांगायची गरज नाही. वाफे बांधू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुगा) आणि कंपोस्ट भरलेल्या ग्रो बॅग वापरा, त्याही मधोमध न ठेवता खाली बीम किंवा भिंत असेल त्या रेषेवर, विटांवर उचलून, म्हणजे खालून पाणी निघून जातं आणि स्लॅब गळत असेल तर दिसतो. उरलेल्या मोकळ्या गच्चीला उन्हाळ्याआधी चुना मारा, फेविकॉल घालून दोन हात. चुना भिजवताना प्लॅस्टिकचा ड्रम नको, कळीचा चुना पाण्यात इतका तापतो की प्लॅस्टिक वितळतं, लोखंडी टिपात भिजवा, डोळ्याला चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. आणि घर जुनं असेल, स्लॅबमधे किती सळई आहे याचा कागद नसेल, तर इंजिनियरनं येऊन बघेपर्यंत ग्रो बॅगा सुद्धा खाली अंगणातच राहू द्या.