बाईंची आडवी रेघ

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. १९८९ च्या जूनमध्ये मी ए, बी, सी, डी गिरवायला घेतली आणि १९९५ ला याच शाळेतून दहावी झाले. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा गॅदरिंग, सहली, खो-खोचा संघ असं बरंच आठवलं. पण लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आली ती नववीच्या फळ्यावरची एक आडवी रेघ.

नववीचा वर्ग तेव्हा पत्र्याच्या खोलीत भरायचा. पावसाळ्यात पत्रा असा वाजायचा की शेवटच्या बाकापर्यंत बाईंचा आवाज पोचायचा नाही. अशाच एका दिवशी बाईंनी बोलणं थांबवलं, फळ्यावर लिहिलं, 'पाऊस पडतोय', आणि माझ्याकडे बोट केलं. मी ओरडूनच सांगितलं, "इट इज रेनिंग." बाईंनी मान हलवली आणि खाली लिहिलं, 'सकाळपासून पाऊस पडतोय'. मी म्हणाले, "इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग."

बाई 'चूक' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. डाव्या टोकाला फुली मारून 'सकाळी ७' लिहिलं, उजव्या टोकाला 'आत्ता'. मग माझ्या बाकाशी येऊन म्हणाल्या, "पहिल्या वाक्यात तू 'आत्ता'वर उभी आहेस आणि समोर बघतेस. दुसऱ्यात तू तिथंच उभी आहेस, पण मागं वळून फुलीकडं बघतेस. मराठीत मागं बघायचं काम 'पासून' एकटा करतो, क्रियापदाला काही तोशीस नाही. इंग्रजीत क्रियापदालाच मागं वळावं लागतं. इट हॅज बीन रेनिंग."

चालू पूर्ण वर्तमानकाळ हे लांबलचक नाव आम्ही आधीच पाठ केलं होतं. पण तो काळ कशासाठी असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

'सिन्स' आणि 'फॉर'सुद्धा बाईंनी त्याच रेघेवर शिकवलं. फुली दाखवायची तर सिन्स, रेघेची लांबी सांगायची तर फॉर. आपली अडचण अशी की मराठीत दोन्हींना 'पासून' चालतं. सकाळपासून ताप आहे, तीन दिवसांपासून ताप आहे. म्हणून 'फीवर सिन्स थ्री डेज' असं आपल्या तोंडात सहज येतं. पुढे नर्सिंग करून मी मिरजेत नोकरीला लागले तेव्हा केसपेपरवर हेच वाक्य रोज दिसायचं. तिथं त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं, लिहिणारा आणि वाचणारा दोघंही मनात मराठीच बोलत होते.

बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी कुठल्याच व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेली नाही. त्या म्हणाल्या, "मराठीतही मागं वळणारं क्रियापद आहे, तुमचं लक्ष नाही. मी वीस वर्षं इंग्रजी शिकवत आलेय. यातलं 'आलेय' बघा. फुलीपासून चालत चालत आजपर्यंत आलेय." मग स्वतःच म्हणाल्या, "पण पाऊस 'पडत आलाय' असं आपण म्हणत नाही. तेवढं जपा."

२०१९ मध्ये मी इंग्लंडला आले. त्याआधी ओईटी ही आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली. तिच्या लेखी भागात रुग्णाच्या नोंदी वाचायला पाच मिनिटं आणि पत्र लिहायला चाळीस मिनिटं मिळतात, पत्र साधारण दोनशे शब्दांचं. त्या पत्रात काळाला फार महत्त्व असतं. दुखणं कधी सुरू झालं, अजून आहे की थांबलं, औषध चालू आहे की बंद केलं, हे वाचणाऱ्याला क्रियापदावरून समजायला हवं. मी कच्च्या कागदावर आधी रेघ ओढायचे.

तरीही इथं आल्यावर चूक झालीच. एका आजोबांचं ऑपरेशन ठरलं होतं. ते कित्येक वर्षं रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेत होते, अगदी आदल्या संध्याकाळपर्यंत. फोनवर डॉक्टरांना मी म्हणाले, "ही वॉज टेकिंग वॉर्फरिन." माझ्या मनात मराठी वाक्य होतं, 'घरी वॉर्फरिन घेत होते'. मराठीत त्यातून औषध बंद केलं असं कुणी समजणार नाही. डॉक्टरांनी मात्र 'पूर्वी घेत होते, आता नाही' असं ऐकलं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनी औषधांचा तक्ता पाहून लगेच दुरुस्त केलं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी आयएनआर तपासणी झाली आणि ऑपरेशन पुढं ढकललं. आजोबांना काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. 'ही हॅज बीन टेकिंग' म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

तेव्हापासून हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देण्याच्या, आधी मी प्रत्येक वाक्याची फुली कुठं आहे ते मनात बघून घेते. 'शी हॅज बीन व्हॉमिटिंग सिन्स मॉर्निंग' यात त्रास किती वेळ चालला आहे ते कळतं. 'शी हॅज व्हॉमिटेड फोर टाइम्स' यात किती वेळा ते कळतं. सलाइन लावायचं की नाही हे ठरवणाऱ्याला दोन्ही लागतं. हाही फरक नववीतलाच. दोन तास वाचतेय म्हणजे 'हॅव बीन रीडिंग', दोन धडे वाचून झाले म्हणजे 'हॅव रेड'.

'नो' (ओळखणं, माहीत असणं), 'बिलीव्ह' ही क्रियापदं बाईंनी एका ओळीत उरकली होती, त्यांना 'आयएनजी' लावू नका म्हणून. मी तिला लहानपणापासून ओळखते, तर 'आय हॅव नोन हर'. राहण्याचं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, ते इथं शिकले. 'आय ॲम स्टेइंग हिअर' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही पाहुणी आहे, चार दिवसांनी जाईल. घर इथंच असेल तर 'आय लिव्ह हिअर'.

आमच्या वॉर्डात केरळमधून, फिलिपीन्समधून नवीन मुली येतात. 'सिन्स टू डेज' ऐकलं की मी हँडओव्हरच्या कागदाची मागची बाजू वर करते, रेघ ओढते, डावीकडे फुली मारते आणि पेन त्यांच्या हातात देते.

गेल्या महिन्यात बाईंना फोन केला. आवाज थकलाय, पण पहिला प्रश्न लगेच आला, "किती वर्षं झाली गं तुला तिकडं?" मी इंग्रजीत उत्तर दिलं, पूर्ण वाक्यात, जसं वर्गात उभं राहून द्यायचे तसं. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "बस खाली."